फेब्रुवारीत जमवलेला लोड, जुलैत अडकलेला बोल्ट

जुलैतला शनिवार, दुपारचे दोन, उत्तर टेक्सासमधली नेमबाजीची रेंज. सावलीत १०१ अंश फॅरनहाइट, म्हणजे आपले ३८. शेजारच्या बाकावर माझा नाशिककडचा मित्र ६.५ क्रीडमोर मापाच्या रायफलने, घरी स्वतः भरलेल्या काडतुसांनी (त्यात ठरवून भरलेलं दारूचं वजन म्हणजे 'लोड'), सहाशे यार्डांवर मारत होता. तेराव्या गोळीनंतर त्याने बोल्टचा, म्हणजे काडतूस आत बंद करणाऱ्या सळईचा, दांडा उचलायला हात घातला आणि तो हललाच नाही. त्याने दुसऱ्यांदा जोर लावला. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "दादा, हा उघडत नाहीये."

मी त्याला सगळ्यात आधी हात काढायला सांगितलं. नळी लक्ष्याच्याच दिशेला ठेवली, रेंज ऑफिसरला खूण केली, आणि दांड्याच्या मुळाशी तळहाताने हलके ठोके दिले. चौथ्या ठोक्याला बोल्ट उचलला गेला. दस्ता जमिनीवर आपटून किंवा हातोडी घालून बोल्ट उघडणारे लोक मी पाहिले आहेत. आत काय झालंय हे कळायच्या आधी असं करू नये, एवढं ठामपणे सांगतो.

बाहेर आलेलं पितळ, म्हणजे काडतुसाचं रिकामं कवच, मी उन्हात धरलं. तळावर, कंपनीच्या अक्षरांच्या अगदी वर, अर्धचंद्रासारखा लखलखीत ठसा होता. दाबाखाली पितळ इजेक्टरच्या (रिकामं कवच बाहेर फेकणाऱ्या खिळीच्या) भोकात शिरलं होतं आणि बोल्ट फिरताना ते खरवडलं गेलं होतं. तळाच्या मधोमध बसणाऱ्या, ठिणगी देणाऱ्या प्रायमरच्या कडेचा गोलावा गेला होता. तो खळगीत असा सपाट भरून बसला होता की कडेची रेघ नखाला जाणवेना. त्याआधीची बारा पितळं चाळली तर पाचांवर तोच ठसा, जरा फिकट. म्हणजे रायफल आठव्या-नवव्या गोळीपासून सांगत होती. त्याचा डोळा दुर्बिणीला होता, आणि माझा माझ्या वाऱ्याच्या अंदाजाकडे. शेजारी बसूनही ती पितळं मी पाहिली नाहीत, हे मला अजून लागून आहे.

त्या दिवशी आम्ही पुढे एकही गोळी झाडली नाही. उरलेली सदतीस काडतुसं, त्याची वही, वजनकाटा आणि रायफल घेऊन माझ्या गॅरेजात आलो. नंतरचे सहा आठवडे जे केलं ते इथे लिहितो आहे, कारण यातल्या कुठल्याही एका चुकीने बोल्ट अडकला नसता.

आधी कायद्याचं, थोडक्यात. अमेरिकेत स्वतःच्या वापरासाठी काडतुसं भरायला संघीय परवाना लागत नाही, विकायची असतील तर लागतो. पण एच-१बीसारख्या नॉन-इमिग्रंट व्हिसावर असणाऱ्याला बंदूकच काय, काडतूस बाळगायलाही मनाई आहे. शिकारीचा वैध परवाना वगैरे मोजके अपवाद आहेत. माझा मित्र ग्रीन कार्ड हातात येईपर्यंत थांबला होता. भारतात तर १९५९च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम ५ प्रमाणे परवान्याशिवाय दारूगोळा तयार करणं हाच गुन्हा आहे. तेव्हा महाराष्ट्रातून वाचणाऱ्यांनी हे समजून घेण्यासाठी वाचावं, करण्यासाठी नाही. आणखी एक: काडतुसातल्या दारूचं नाव आणि तिचं वजन मी मुद्दाम कुठेच देत नाही. माझ्या मित्राच्या गोष्टीची सुरुवातच दुसऱ्याच्या आकड्यापासून झाली होती.

वही काय म्हणत होती

वही नीट ठेवलेली होती, ही त्याची मोठी जमेची बाजू. फेब्रुवारीतल्या एका सकाळी, ३८ अंश फॅरनहाइट म्हणजे साधारण ३ सेल्सिअसमध्ये, त्याने दहा काडतुसं झाडली होती. प्रत्येकात दारू आधीच्यापेक्षा ०.२ ग्रेन जास्त. ग्रेन म्हणजे ६४.८ मिलिग्रॅम, एका पौंडात ७,००० ग्रेन. ०.३ ग्रेन म्हणजे तांदळाच्या एखाद्या बारीक दाण्याएवढं वजन. आमचे वाद-विवाद, सुख-दुःख सगळं या एका दाण्याच्या आतबाहेर चालतं.

दहा गोळ्यांचे वेग त्याने आलेखावर मांडले होते. सातवी, आठवी आणि नववी जवळपास एकाच वेगाने गेली होती. ही सपाट जागा म्हणजे 'नोड', इथे दारू थोडी कमी-जास्त झाली तरी वेग बदलत नाही, असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. त्या जागेच्या मधोमधचं वजन त्याने धरलं. ते काडतुसं भरण्याच्या मार्गदर्शक पुस्तकातल्या कमाल वजनापेक्षा ०.३ ग्रेन जास्त होतं, पण तशाच रायफलसाठी एकजण तेवढंच भरत होता आणि "प्रेशरची काही खूण दिसली नाही", म्हणून चालेल असं ठरलं. मग पाच गोळ्या क्रोनोग्राफवर, म्हणजे वेग मोजायच्या यंत्रावर: सरासरी वेग सेकंदाला २,७४५ फूट, एसडी (प्रमाण विचलन, म्हणजे वेग सरासरीपासून किती विखुरतात त्याचं माप) ५. तीन गोळ्या शंभर यार्डांवर: ०.४ इंचात. पानाच्या खाली लाल शाईत "फायनल".

मी वही मिटवली आणि त्याला विचारलं, "पुस्तकात कमाल दारूला वेग किती दिलाय?"

"२,६९०."

"नळी किती लांबीची?"

"चोवीस इंच. माझीही चोवीसच."

मी गप्प बसलो. तोही जरा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे मला जास्तीचे पंचावन्न फूट मिळाले ते…"

ते दाबातून आले होते. वेग आणखी कुठून येणार? तीच दारू, तेवढ्याच वजनाची गोळी, तेवढीच नळी असताना वेग पुस्तकापेक्षा जास्त निघाला, तर चेंबरमधला, म्हणजे काडतूस बसतं त्या पोकळीतला, दाबही जास्तच असणार. त्याच्या दारूत एका ग्रेनला साधारण ६० फूट वेग वाढत होता. म्हणजे जास्तीच्या ०.३ ग्रेनचे १८ फूट धरले, तरी वर ३७ उरतात. याचा अर्थ त्याची रायफल पुस्तकातल्या रायफलपेक्षा घट्ट होती; कमाल वजनाच्या सहा दशांश ग्रेन आधीच ती कमाल वेगाला पोहोचली होती. तिची खरी हद्द तिथेच संपत होती. तो जवळपास एक ग्रेन पलीकडे उभा होता, आणि तेही थंडीत.

६.५ क्रीडमोरसाठी ठरलेला कमाल सरासरी दाब आहे चौरस इंचाला ६२,००० पौंड. मोटारीच्या टायरमध्ये आपण ३२ भरतो. हा दाब आपल्या गालापासून वीतभर अंतरावर तयार होतो आणि तो मोजायचं साधन आपल्यापैकी कुणाकडे नसतं. प्रायमर चपटा होणं, तळावर ठसा उमटणं, बोल्ट जड जाणं या खुणा म्हणजे दाब मोजणं नव्हे. पितळाने हार मानली की त्या दिसतात, आणि चांगलं कठीण पितळ हद्द ओलांडून बरंच पुढे गेल्यावर हार मानतं. त्यामुळे "खूण दिसली नाही" याला मी सुरक्षिततेचा पुरावा मानत नाही. क्रोनोग्राफवरचा वेग पुस्तकाशी ताडून पाहणं हा आपल्या हातातला सगळ्यात लवकर मिळणारा इशारा आहे. इथे तो फेब्रुवारीतच मिळाला होता आणि तो बक्षीस समजून घेतला गेला.

सपाट जागा

या नोडबद्दल थोडं थांबून लिहितो, कारण चांगले, हुशार, हिशेबी लोकही यात अडकतात.

दर पायरीला ०.२ ग्रेन म्हणजे वेगात सुमारे १२ फुटांची वाढ. आता एकच वजन भरलेल्या गोळ्यांचे वेगही एकमेकांपासून सरकतातच. नंतर वीस गोळ्यांवर मोजलं तेव्हा त्याच्या त्या पद्धतीने भरलेल्या काडतुसांची एसडी १२ निघाली. म्हणजे पायरीची उंची १२ आणि पायरीचं थरथरणंही १२. अशा जिन्यावर तीन पायऱ्या एका उंचीला दिसणं हा निव्वळ योगायोग असू शकतो. दुसऱ्या दिवशी तीच दहा काडतुसं भरून झाडली तर सपाट जागा भलतीकडेच दिसेल. आम्ही नंतर हे करूनही पाहिलं, सुरक्षित वजनांवर, दोनदा. एकदा ती तिसऱ्या-चौथ्या पायरीवर आली, एकदा आलीच नाही.

एसडी ५ चंही तेच. पाच गोळ्यांवरून काढलेल्या एसडीवर भिस्त ठेवायची तर संख्याशास्त्र सांगतं की खरी एसडी त्या आकड्याच्या ०.६ पटीपासून जवळपास २.९ पटीपर्यंत कुठेही असू शकते. ५ दिसली तर खरी ३ असेल नाहीतर १४. वीस गोळ्या झाडल्या की ही ओढाताण पाऊण पट ते दीड पटीच्या आसपास येते. तीन गोळ्यांचा गट तर याहून फसवा. त्याच रायफलने, त्याच दारूने तीनऐवजी दहा गोळ्या मारल्या तर गट सरासरी दीडपटीहून मोठा होतो. आणि चार-पाच तिगाड्यांमधला सगळ्यात सुंदर तेवढा वहीत चिकटवला तर फरक आणखी वाढतो.

हे सांगताना मित्राचा चेहरा उतरला होता. फेब्रुवारीतली ती सकाळ त्याच्या मनात फार छान होती. मला ते समजत होतं. चाळीस डॉलरच्या गोळ्या, तासाभराचा प्रवास आणि बोटं गारठवणारी हवा यांच्या बदल्यात माणसाला उत्तर हवं असतं. पण दहा गोळ्यांत त्याला एक गोष्ट मात्र खरी मिळाली होती: दहाही बिंदूंमधून ओढलेली सरळ रेघ. एकेक बिंदू थरथरतो, रेघ फारशी थरथरत नाही. तीच रेघ पुढे कामाला आली.

खोलून पाहिलेली काडतुसं

उरलेली सदतीस काडतुसं आम्ही बुलेट पुलरने एकेक करून उघडली. दोघांच्या डोळ्यांवर चष्मे, टेबलावर दुसरी कुठलीही दारू नाही. हा माझ्या गॅरेजातला नियम आहे आणि तो भरताना, उघडताना, कायम लागू असतो. एका वेळी टेबलावर एकच डबा. काम संपलं की ट्रिकलर (दाणा-दाणा दारू टाकणारं साधन) रिकामा करून उरलेली दारू त्याच डब्यात परत.

प्रत्येकातली दारू मी माझ्या काट्यावर तोलली. तोलण्याआधी वीस ग्रॅमचं प्रमाणित वजन ठेवून काटा तपासला, आणि दर दहा काडतुसांनंतर पुन्हा. सदतीसांत सगळ्यात हलकं आणि सगळ्यात जड यांत ०.३ ग्रेनचं अंतर निघालं. सगळ्यात जड काडतुसात वहीतल्या वजनापेक्षा ०.२ जास्त.

मग त्याचा काटा मांडला. स्वस्तातला, बॅटरीवर चालणारा, पण तसा बरा होता. वजन न ठेवता आम्ही नुसते बघत बसलो. चार मिनिटांनी ०.० चा ०.१ झाला. त्याच्या घरी काटा कुठे असतो विचारलं, तर एसीच्या झोताखाली, ट्यूबलाइटला लागून. मी माझ्याकडे पंखा लावून तो फिरता ठेवला. झोत काट्यावरून गेला की आकडा खाली जायचा, झोत पुढे सरकला की परत वर. मित्राने तीनदा फेऱ्या पाहिल्या आणि उठून पंखा बंद केला.

पितळही तपासलं. झाडलेल्या पितळात काठोकाठ पाणी भरून तोललं तर पुस्तकासाठी वापरलेल्या कंपनीच्या पितळापेक्षा सरासरी दीड ग्रेन पाणी कमी मावत होतं. भिंत जाड, आतली जागा कमी, म्हणून तेवढ्याच दारूला दाब जास्त. रायफल घट्ट का वाटत होती याचा निदान एक भाग इथे सापडला.

ऊन किती, नळी किती

जुलैत बोल्ट अडकायच्या आधीच्या बारा गोळ्यांची सरासरी होती २,८२२. फेब्रुवारीपेक्षा ७७ फूट जास्त. दारू तीच, डबाही तोच. मग हे ७७ कुठून आले?

ऊन ही उघड गोष्ट. पण किती? काडतुसांची पेटी त्याने गाडीच्या मागच्या फळीवर उघडी ठेवली होती. पुढच्या शनिवारी तशीच दुपार पाहून रिकाम्या, दारू नसलेल्या काडतुसांची पेटी तिथेच ठेवून मोजलं. चमकत्या पितळावर इन्फ्रारेड थर्मामीटर चुकीचं वाचतो, म्हणून काळ्या चिकटपट्टीचा तुकडा लावून त्यावर धरला. १२१ अंश, म्हणजे ४९ सेल्सिअस. फेब्रुवारीतल्या ३८ पेक्षा ८३ अंश वर. शिवाय तेरावी गोळी वारा बसायची वाट पाहत तापलेल्या चेंबरमध्ये दोनेक मिनिटं पडून होती. ती १२१ हूनही वर गेली असणार.

जुना लोड पुन्हा झाडायचा प्रश्नच नव्हता. त्याच दारूचं, पुस्तकातल्या सुरुवातीच्या वजनाच्या जवळचं, फेब्रुवारीची रेघ खाली लांबवली तर तिच्यावर बसणारं एक हलकं वजन निवडलं आणि वीस काडतुसं भरली. दहा बर्फाच्या पेटीत ठेवली, पिशवीत गुंडाळून, म्हणजे ओलावा लागणार नाही. दहा उन्हात. गार दहांची सरासरी २,५७१, तापलेल्या दहांची २,६१९. ऐंशी अंशांना ४८ फूट. दहा-दहा गोळ्यांवरून काढलेला आकडा असल्याने दहा-अकरा फूट इकडेतिकडे धरायचे. म्हणजे जुलैच्या ८३ अंशांनी सुमारे ५० फूट दिले.

उरले २७. फेब्रुवारीची रेघ त्या हलक्या वजनाला ३८ अंशांत २,५४५ दाखवत होती. आता जवळपास तितक्याच गार काडतुसांना २,५७१ मिळाले. सव्वीसाचा फरक, आणि तो तापमानाचा नाही. नव्या नळीचा हा स्वभाव आहे: पहिल्या शंभर-दोनशे गोळ्यांत तिचा वेग चढतो, मग स्थिर होतो. फेब्रुवारीत या नळीतून जेमतेम तीस गोळ्या गेल्या होत्या, आता अडीचशेच्या वर. नळी अजून बोलायला शिकत होती आणि आम्ही तिचं शेवटचं उत्तर लिहून घेतलं होतं.

आता सगळं एका ओळीत ठेवतो. पुस्तकाच्या वर ०.३ ग्रेन. काट्याने चोरून घातलेले ०.२. जाड पितळ. तयार न झालेली नळी. आणि ४९ अंशांची दुपार. यातली कुठलीही दोन कारणं असती तर बोल्ट बहुधा उघडला असता आणि आम्हाला काहीच कळलं नसतं. पाचही कारणं एकाच काडतुसात भेटली.

माझे एक काका वरणगावच्या काडतूस कारखान्यात होते. लहानपणी सुट्टीत त्यांच्याकडे गेलो की 'लॉट', म्हणजे एका खेपेत बनलेला माल, हा शब्द सतत कानावर पडायचा. दारूचा लॉट बदलला की त्यांच्या लेखी ते काडतूसच नवं. कोल्हापूरजवळच्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला ज्या प्रकारात कांस्य जिंकलं, त्या .२२ च्या नेमबाजीत काडतूस पुन्हा भरता येतच नाही. तिथे नेमबाज आपल्या नळीला मानवणारा लॉट शोधून तेवढाच साठवतात. आम्ही स्वतः भरणारे लोक मात्र डबा बदलतो, पितळ बदलतो, ऋतू बदलतो आणि वहीतलं जुनं वजन तसंच पुढे नेतो.

पुन्हा पहिल्यापासून

त्याने दारू बदलली. तापमानाला कमी दाद देणारी, लांबट दाण्यांची दारू घेतली. बारीक गोल दाण्यांची बॉल पावडर मापातून सुरेख पडते, म्हणून ती नवशिक्यांना आवडते. लांबट दाणे मापात अडकतात, कापले जातात, त्यामुळे प्रत्येक वजन ट्रिकलरने काट्यावर पुरं करावं लागतं. वेळ दुप्पट लागतो. वर्षभर बाहेर मारणाऱ्याने तो द्यावा असं माझं मत आहे. काटाही नवा घेतला, तो आता खिडकी-पंख्यापासून लांब, एका उघड्या खोक्याच्या आडोशाला असतो आणि वापरण्याआधी अर्धा तास चालू ठेवला जातो.

पितळ एकाच लॉटचं, पन्नास. झाडलेलं पितळ पुन्हा मापात आणणारी साइझिंग डाय अशी बसवली की पितळाचा खांदा (तोंडाकडे निमुळता होणारा भाग) झाडलेल्या मापापेक्षा फक्त दोन हजारांश इंच मागे सरकेल. माणसाच्या केसाहून कमी. त्याहून जास्त ढकललं तर दर वेळी पितळ ताणलं जातं आणि तळाच्या वर आतून चीर पडते. लांबी १.९२० इंचाच्या कमाल मापाच्या आत, कापून १.९१० वर. गोळी नळीतल्या आट्यांपासून वीस हजारांश मागे बसवली. पूर्वी त्याची गोळी आट्यांना टेकलेली होती का, हे वहीत नव्हतं. मापून पाहिलं तर काही टेकत होत्या. टेकलेली गोळी सुरुवातीलाच अडते आणि दाब चढवते, म्हणजे वरच्या यादीत बहुधा सहावंही कारण होतं.

दारू भरून झाल्यावर गोळी बसवण्याआधी ट्रेमधली पन्नासही तोंडं टॉर्चने पाहायची. सगळ्यांत दारू एका उंचीला दिसली पाहिजे. याला एक मिनिट लागतं. एखाद्यात दारूच नसली तर नुसत्या प्रायमरच्या जोराने गोळी नळीत मध्येच अडकते, आणि तिच्यामागे दुसरी झाडली की नळी फुटते.

वजन वाढवत जाणं यावेळी नोड शोधण्यासाठी नव्हतं, फक्त हद्द शोधण्यासाठी होतं. पुस्तकातल्या किमान वजनापासून ०.३ च्या पायऱ्या, प्रत्येकी तीन गोळ्या, ऑगस्टच्या उन्हात मुद्दाम तापवलेली काडतुसं. थांबायच्या अटी आधीच कागदावर लिहिल्या: पुस्तकातलं कमाल वजन आलं, किंवा पुस्तकातला कमाल वेग आला, किंवा पितळावर काहीही दिसलं, यातलं जे आधी होईल तिथे थांबायचं. वेग आधी आला, कमाल वजनाच्या ०.५ ग्रेन अलीकडे. पितळं तेव्हाही स्वच्छ होती. मित्र माझ्याकडे बघत होता. मी मान हलवली आणि त्याने उरलेल्या दोन पायऱ्यांची काडतुसं बाजूला काढली, संध्याकाळी ती उघडायची म्हणून.

मग त्या हद्दीच्या ०.३ खाली आणि ०.५ खाली अशी दोन वजनं घेऊन प्रत्येकी वीस गोळ्या मारल्या. एसडी ९ आणि १०. दहा गोळ्यांचे गट एका इंचाच्या आसपास, दोन्हींचे. दोन्हींत आम्हाला काही फरक दाखवता आला नाही, म्हणून खालचं वजन घेतलं. २,६३८ फूट. गार आणि तापलेल्या काडतुसांतलं अंतर या दारूत ऐंशी अंशांना १४ फूट निघालं.

"दादा, फेब्रुवारीत ०.४ इंच होता. आता एक इंच," तो म्हणाला.

मी त्याला या दहाच्या गटांतले सुटे तीन-तीन भोकांचे तुकडे दाखवले. त्यात दोन ठिकाणी ०.४ होता.

वेगाचंही त्याला वाईट वाटत होतं. फेब्रुवारीच्या मानानेही शंभराच्या वर फूट गेले. म्हणून हिशेब मांडला. १४० ग्रेनच्या या गोळीला हजार यार्डांवर ताशी दहा मैलांचा आडवा वारा ६५ ते ७० इंच सरकवतो. शंभर फूट वेग कमी झाल्याने त्यात चार-पाच इंचांची भर पडते. वाऱ्याचा अंदाज एका मैलाने चुकला तर सहा-सात इंच जातात. म्हणजे त्याने ज्या वेगासाठी ६२,००० ची रेघ ओलांडली, त्याची किंमत पाऊण मैल वाऱ्याएवढीसुद्धा नव्हती; आणि वारा एका मैलाने ओळखणारे लोक मी फार थोडे पाहिलेत. एसडीचा हिशेब मात्र कामाचा आहे. हजार यार्डांवर वेगातल्या दर दहा फुटांनी गोळी पावणेतीन इंच वर-खाली होते. एसडी दहा असली की दहा गोळ्यांत सगळ्यात जलद आणि सगळ्यात मंद यांत तीसेक फुटांचं अंतर पडतं, म्हणजे आठ-साडेआठ इंच उभा पसारा नुसता वेगाचा. एफ-क्लास या लांब पल्ल्याच्या नेमबाजी प्रकाराच्या हजार यार्डी लक्ष्यात दहाचं वर्तुळ दहा इंचांचं असतं. एसडी आठवर आणायला अजून काम करायचं, पण ते पितळाच्या मानेची पकड आणि तोल एकसारखा ठेवून. दारू वाढवून नाही.

ऑक्टोबरमध्ये त्याने पहिल्यांदा हजार यार्डांची स्पर्धा मारली. नोंदीच्या वीस गोळ्या, २०० पैकी १८७. मधल्या पाच इंचांच्या एक्समध्ये तीन. उभा पसारा १४ इंच, आडवा २४. दहाव्या आणि अकराव्या गोळीला वारा दाखवणारा उजवीकडचा झेंडा पडला आणि त्याला ते दिसलं नाही. तिथेच पाच गुण गेले. स्पर्धा संपल्यावर त्याने वीसही पितळं टॉवेलवर उलटी मांडली, तळ वर करून, आणि चष्मा काढून एकेक उन्हात फिरवून पाहिलं. मग वही उघडली. तापमान ७४, दारूच्या लॉटचा क्रमांक, नळीतून गेलेल्या गोळ्या ५१२, सरासरी वेग. "फायनल" लिहायची जागा त्याने कोरी सोडली होती. त्याखाली पेन्सिलीने होतं: "जानेवारीत थंडीत पुन्हा वीस."